रुग्णाची प्रतिष्ठा आणि परिचारिकेचा वेळ

रुग्णालयात दाखल झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी पाणी पिणे जवळजवळ सोडून दिले. खुब्याचे हाड मोडल्यामुळे ते अंथरुणाला खिळले होते. पण शुद्ध पूर्ण होती, बोलणे स्पष्ट होते, अन्नावर वासनाही होती. फक्त पाण्याचा पेला पुढे केला की ते ओठ ओले करीत आणि तो परत देत. आम्हांला वाटले, औषधांनी तोंडाची चव गेली असावी. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने तहान मंदावते. खरे कारण शोधून काढले ते रात्रपाळीच्या एका परिचारिकेने. तिने उशाशी तसाच भरलेला पेला पाहिला, लघवीचा गडद रंग पाहिला आणि त्यांच्या कानाशी वाकून हळूच विचारले, "गुरुजी, पॉट मागायला संकोच वाटतो ना?" पस्तीस वर्षे वर्गात ताठ मानेने उभे राहिलेल्या त्या गृहस्थांनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि नुसती मान हलवली. चाळीस खाटांच्या वॉर्डात, मुलीच्या वयाच्या अनोळखी स्त्रीकडे, सर्वांच्या देखत भांडे मागण्यापेक्षा तहान सोसणे त्यांना सोपे वाटले होते.

हा अनुभव एका घरापुरता असता तर त्याला वर्तमानपत्रात जागा नव्हती. परंतु ज्यांनी घरातील कोणाच्या उशाशी आठ दिवस काढले आहेत, त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. लाजेपोटी रुग्ण कमी पितो, कमी खातो, शौचाची भावना दाबून ठेवतो. मग मलावरोध होतो, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, वृद्ध माणूस असेल तर शरीरातील पाणी कमी होऊन तो बरळू लागतो. आणि कागदावर नोंद होते, 'रुग्ण सहकार्य करीत नाही'. प्रतिष्ठा हा शब्द आपण सभासंमेलनांतून उच्चारतो. रुग्णालयात तिचे मोजमाप फार साधे आहे. बेडपॅन किती वेळात आले, पडदा लावला की नाही, ओली चादर किती वेळ अंगाखाली राहिली, आणि हे सर्व करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होते, यांवर ती ठरते.

जे काम कोणी पाहत नाही

शुश्रूषा म्हणजे इंजेक्शन देणे, ताप पाहणे आणि डॉक्टरांच्या मागून हातात कागद घेऊन फिरणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अंथरुणाजवळचे प्रत्यक्ष काम वेगळेच आहे. रुग्णाचे तोंड स्वच्छ करणे, अंग पुसणे, केस विंचरणे, उलटी झाली तर डोके धरणे, थुंकी, पू, रक्त आणि मलमूत्र साफ करणे, खालची चादर रुग्णाला न उठवता बदलणे, लघवीची नळी तपासणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, आणि अखेरीस प्राण गेल्यावर देह धुऊन, हातपाय सरळ करून तो नातेवाइकांच्या स्वाधीन करणे. यांतील एकही काम छायाचित्र काढण्याजोगे नाही. पण यांतील एकही काम टळले तर शस्त्रक्रियेचे सारे कौशल्य पाण्यात जाऊ शकते.

आधुनिक शुश्रूषेचा पाया घालणाऱ्यांना याची पुरेपूर जाणीव होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घेताच आपल्याला क्रिमियन युद्धातील हातात दिवा घेतलेली स्त्री आठवते. परंतु १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकात दिव्यापेक्षा मलपात्राची चर्चा अधिक सापडते. रुग्णाच्या खोलीत झाकण नसलेले भांडे वापरणे सर्वस्वी बंद झाले पाहिजे, असे त्यांनी तेथे निक्षून सांगितले आहे. पुढे १९६६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया हेंडरसन यांनी परिचारिकेच्या कामाची जी व्याख्या मांडली ती आजही जगभर शिकविली जाते. शक्ती, इच्छा वा ज्ञान असते तर माणसाने स्वतःसाठी जे केले असते, ते त्याला करण्यास साहाय्य करणे, असा तिचा आशय आहे. त्यांनी सांगितलेल्या चौदा मूलभूत गरजांत श्वासोच्छ्वास आणि अन्नपाणी यांच्या पाठोपाठच मलमूत्रविसर्जनाचा क्रमांक येतो. शरीर स्वच्छ ठेवण्याची गरज त्याच यादीत आहे, आणि आपल्या श्रद्धेनुसार उपासना करण्याचीही. ही कामे हलकी व ती कामे वरची, अशी उतरंड त्यांत नाही.

कूस बदलण्याचे गणित

हे काम किती बुद्धीचे आणि किती वेळखाऊ असते, हे समजण्यासाठी एकच उदाहरण घेऊ. ज्याला स्वतःहून हलता येत नाही अशा रुग्णाच्या शरीराचा भार माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती अशा हाडांच्या उंचवट्यांवर पडतो. हाड आणि गादी यांच्या मध्ये सापडलेल्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरू लागते. त्यात घाम किंवा लघवीचा ओलावा असेल, चादरीला सुरकुती असेल, अंथरुणावरून रुग्णाला ओढले गेले असेल, तर हानी अधिक वेगाने होते. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारी लाली. ती वेळीच दिसली तर दाब काढून त्वचा वाचविता येते. दिसली नाही तर काही दिवसांतच हाडापर्यंत जाणारी जखम होऊ शकते. हाच शय्याव्रण. तो भरून यायला महिने लागतात, आणि पुष्कळदा माणूस मूळ आजाराने न जाता या जखमेच्या संसर्गाने जातो.

यावर स्पिरिट, पावडर, मलमे असे नाना उपाय पूर्वापार चालत आले होते. १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या वॉर्डांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लावायच्या औषधांपेक्षा रुग्णाची कूस नियमाने बदलणे अधिक परिणामकारक ठरते, हे त्यातून पुढे आले. कोणत्या रुग्णाला धोका अधिक, हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींची एक मोजपट्टी दिली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडण्याफिरण्याची शक्ती, अंथरुणात हलण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा या त्या पाच गोष्टी होत. साध्या निरीक्षणाला शास्त्राची शिस्त लावणारे हे काम एका परिचारिकेच्या पुढाकाराने झाले, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दर दोन तासांनी कूस बदलावी असा सर्वसाधारण प्रघात आहे. आता एक साधा हिशेब करून पाहू. समजा, चाळीस खाटांच्या वॉर्डात स्वतः हलू न शकणारे दहा रुग्ण आहेत. दिवसातून प्रत्येकी १२ वेळा, म्हणजे एकूण १२० वेळा कूस बदलायची. दर वेळी दोन माणसे आणि दहा मिनिटे लागतात असे धरले, तर रोजचे ४० मनुष्यतास होतात. आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने पाच माणसांची पूर्ण पाळी केवळ या एका कामात संपते. यात औषधे नाहीत, सलाइन नाही, नोंदी नाहीत, भरवणे नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला घास भरवायचा तर एका जेवणाला अर्धा तास सहज लागतो, आणि तेथे घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचे भय असते.

अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सांगितलेले आहे. रात्री दोन वाजता कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात उभे राहून खाटा आणि माणसे मोजावीत. कागद आणि वास्तव यांतील अंतर सांगायला तज्ज्ञाची गरज पडणार नाही. तेव्हा परिचारिका उद्धटपणे बोलली, भांडे वेळेवर आले नाही, अशी तक्रार करताना आपण एका व्यक्तीच्या स्वभावाकडे बोट दाखवितो. पुष्कळदा दोष त्या हिशेबात असतो.

मुंबईतील एक खाट

पुरेशी माणसे आणि पुरेशी आस्था एकत्र आली म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच पाशवी हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, मऊ केलेले अन्न चमच्याने भरविले, त्यांची कूस बदलली. ज्यांनी त्यांना चालताबोलताना कधीही पाहिले नव्हते अशा मुलींनीही हे काम केले. त्यांना दयामरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा परिचारिकांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली, आणि इतकी वर्षे अंथरुणात काढूनही त्यांना शय्याव्रण झाला नाही, या गोष्टीची आवर्जून दखल घेतली.

त्या निकालावर पुष्कळ लिहिले गेले. जगणे म्हणजे काय, मरणाचा हक्क असावा की नसावा, यांवर विद्वानांनी वाद घातले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. हे वाद आवश्यकच होते. तथापि त्या सर्व चर्चेत शय्याव्रण नसलेल्या त्या पाठीचा अर्थ मात्र आपण पुरेसा ध्यानात घेतला नाही. वर दिलेला हिशेब ४२ वर्षांना लावून पाहावा. दिवसाला १२ वेळा म्हटले तरी ही संख्या पावणेदोन लाखांच्या वर जाते. तितक्या वेळा कोणीतरी दुसरे काम बाजूला ठेवून त्या खाटेजवळ गेले, असा त्याचा अर्थ होतो.

येथे एक अप्रिय प्रश्न विचारलाच पाहिजे. अरुणा शानबाग या त्या परिचारिकांच्या आपल्या होत्या. जो रुग्ण कोणाचाच नाही, ज्याच्या उशाशी नातेवाईक नाही, ज्याचे नावही वॉर्डात कोणाला ठाऊक नसते आणि जो केवळ खाटेच्या क्रमांकाने ओळखला जातो, त्याच्या पाठीचे काय? त्याचे रक्षण आपलेपणावर सोपवता येणार नाही. त्यासाठी नियम हवा, माणसे हवीत आणि वेळ हवा.

विटाळाची उतरंड

ही माणसे आणि हा वेळ का मिळत नाही, याचे उत्तर केवळ पैशाच्या टंचाईत नाही. दुसऱ्याच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींना हात लावणे हे आपल्या समाजाने शतकानुशतके विटाळाचे मानले आणि ते काम जन्माने ठरविलेल्या माणसांच्या माथी मारले. रुग्णालयाची इमारत पाश्चात्त्य पद्धतीची असली तरी ही उतरंड आपण उंबरठ्याच्या आत घेऊन आलो. डॉक्टर परिचारिकेला सांगतो, परिचारिका मावशीला सांगते, मावशी सफाई कामगाराकडे बोट दाखविते, आणि शेवटी भांडे उचलतो तो सर्वांत कमी पगाराचा, बहुधा कंत्राटी, कसलेही शिक्षण न दिलेला माणूस. शरीराच्या जितके जवळ जावे तितकी कामाची किंमत उतरत जाते, असा आपला उफराटा न्याय आहे.

या न्यायाविरुद्ध उभे राहिलेल्यांची परंपराही महाराष्ट्रात आहे. १८९७ सालच्या प्लेगात रोग्यांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे काम सुरू झाले आणि त्यातून स्त्रिया, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परजातीच्या, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, याची आज कल्पनाही येणार नाही. त्या स्त्रियांनी जो उंबरठा ओलांडला, त्याच्या अलीकडेच आपली मने अजून घुटमळत आहेत. मुलगी परिचारिका आहे हे सांगताना घरच्यांचा आवाज जरा खाली येतो, तो यामुळेच.

या मनोवृत्तीचे दुसरे रूप म्हणजे स्तुती. २२ मार्च २०२० रोजी आपण सज्जांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. परिचारिकांना देवदूत म्हटले. देवदूताला पगार लागत नाही, झोप लागत नाही आणि त्याला किळसही येत नाही, ही या उपाधीतील सोय आहे. प्रत्यक्षात परिचारिकेला किळस येते. कुजलेल्या जखमेचा वास तिलाही सहन होत नाही; काहीजणी नाकाखाली बाम लावतात, काहीजणी तोंडाने श्वास घेतात. तिचे कौशल्य असे की, ती किळस रुग्णाला दिसू देत नाही. हे जन्मजात सेवाभावाने साधत नाही. शिक्षणाने, सरावाने आणि रोज स्वतःवर ताबा ठेवून ते साधावे लागते. आणि पाळीच्या शेवटी, बारा तास उभे राहिल्यावर, तो ताबा सुटू शकतो.

आप्त की परके?

काहीजण म्हणतील, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे. घरच्या माणसाने केलेल्या सेवेची सर परक्याला येईल काय? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण आपल्या वॉर्डांत खाटेखाली सतरंजी टाकून झोपणारी व्यक्ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. तिची मजुरी बुडते, मुले घरी एकटी असतात, आणि रुग्णाला उचलायचे कसे, चादर बदलायची कशी, हे तिला कोणीही शिकविलेले नसते. माणसांची उणीव आपण तिच्या कष्टांनी भरून काढतो आणि त्याला संस्कृतीचे नाव देतो.

शिवाय, सर्वच रुग्णांना आप्तांचा हात हवासा वाटतो असेही नाही. माझ्या वडिलांनी माझ्या हातून स्वच्छता करून घेण्यास स्पष्ट नकार दिला होता. मुलाने आपल्याला त्या स्थितीत पाहावे हे त्यांना त्या अनोळखी परिचारिकेपेक्षाही अधिक जड जात होते. आप्तांनी जवळ बसावे, बोलावे, हात हातात घ्यावा. परंतु शिकलेल्या, तटस्थ आणि तत्पर हातांत कित्येकदा रुग्णाची लाज अधिक सुरक्षित राहते.

करण्याजोगे थोडे

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तीत खाजगीपणा आणि मानवी प्रतिष्ठा यांचा उल्लेख आहे. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री उपस्थित असावी, हेही तीत आहे. सनद भिंतीवर लावणे सोपे आहे. तिचा अर्थ खाटेपर्यंत न्यायचा तर आणखी साध्या गोष्टींपासून आरंभ करावा लागेल. दर दोन खाटांमध्ये ओढता येईल असा पडदा असावा. हाताला लागेल अशी घंटा असावी, आणि ती वाजल्यावर येणारे माणूस असावे. भांड्यांना झाकणे असावीत. नाइटिंगेलबाईंनी मागितलेली ही वस्तू दीडशेहून अधिक वर्षांनी तरी मिळायला हरकत नसावी. मावशी आणि वॉर्डबॉय यांना अंथरुणातील रुग्ण हाताळण्याचे रीतसर शिक्षण आणि कायम नोकरी मिळावी. वॉर्डात किती रुग्णांना नव्याने शय्याव्रण झाले, याचा आकडा दरमहा जाहीर व्हावा. जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी माणसे मंजूर करीत नाही.

वेतनाचा प्रश्नही टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ साली खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी शिफारशी केल्या. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी त्यांतील एक होती. आपल्या गावातील नर्सिंग होममध्ये ती पाळली जाते का, हे ज्याने त्याने चौकशी करून पाहावे. जिला स्वतःच्या कामात प्रतिष्ठा मिळत नाही, तिच्याकडून दुसऱ्याची प्रतिष्ठा अहोरात्र राखली जावी ही अपेक्षा न्याय्य म्हणता येईल काय?

त्या रात्रीच्या परिचारिकेने माझ्या वडिलांना उपदेश केला नाही, लाजू नका असेही म्हटले नाही. तिने शेजारच्या रुग्णाच्या मुलाला चादर आडवी धरायला सांगितली, आणि त्यानंतर आपल्या पाळीत दर तीन तासांनी, न मागता, ती झाकलेले भांडे घेऊन आली. काम करताना ती त्यांना शाळेतील गोष्टी विचारीत असे. मागावे लागणार नाही, एवढी खात्री पटताच ते पाणी पिऊ लागले. तिसऱ्या रात्री तिची पाळी बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा उशाशी पेला पुन्हा काठोकाठ भरलेला होता. एका भल्या बाईच्या पाळीबरोबर रुग्णाची प्रतिष्ठा येते आणि तिच्याबरोबर निघून जाते, ही स्थिती जोवर आहे, तोवर आपल्या रुग्णालयांत उपचार होत असतील. शुश्रूषेची व्यवस्था आहे असे मात्र म्हणता येणार नाही.